अंकांच्या गल्ल्यांचे गाव : जयसिंगपूरच्या पेठेची घडण आणि उतार

कोल्हापूर संस्थानाच्या पूर्व टोकाला असलेला शिरोळचा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिकाने संपन्न होता, पण बाजारासाठी त्याला शेजारच्या संस्थानांकडे पाहावे लागत असे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची काळी जमीन जोंधळा, भुईमूग, कापूस, मिरची, तंबाखू आणि ऊस देत होती. मात्र माल विकायचा तर बैलगाडी जुंपून कृष्णेपलीकडच्या सांगली-मिरजेचा रस्ता धरायचा किंवा कुरुंदवाड गाठायचे, हाच शेतकऱ्याचा परिपाठ होता. ही तिन्ही ठिकाणे पटवर्धन घराण्याच्या निरनिराळ्या शाखांच्या अमलाखाली होती. त्यामुळे कोल्हापूरच्या रयतेने पिकवलेल्या मालावरची अडत, म्हणजे माल आपल्या दुकानी उतरवून घेऊन तो विकून देण्याबद्दल व्यापाऱ्याने घ्यायचा मोबदला, आणि तोलाई, म्हणजे वजन करण्याची मजुरी, ही दुसऱ्याच्या राज्यातल्या पेठेत जमा होत असे. शिवाय आलेल्या पैशातून घ्यावयाचे कापड, मीठ, लोखंड आणि भांडी यांची खरेदीही तिथेच होई. जयसिंगपूर हे गाव या उणिवेच्या पार्श्वभूमीवर वसवले गेले. त्याची पेठ कोणत्या पायावर उभी राहिली, तिच्या रस्त्यांना पायी वावरण्याजोगे रूप कशामुळे आले आणि ते कशामुळे झिजले, हे क्रमाने पाहिले, म्हणजे जुन्या बाजाररस्त्यांना पुन्हा पादचाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचे जे प्रयत्न आज शहरोशहरी चालू आहेत, त्यांच्यात नेमके काय सुटते आहे, हेही दिसू लागते.

या घडणीची सुरुवात रेल्वेपासून होते. ३ मे १८८८ रोजी कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गाच्या कामाचा आरंभ शाहू छत्रपतींच्या हस्ते झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते आणि राज्यकारभार अद्याप त्यांच्या हाती आलेला नव्हता. सुमारे तीस मैलांचा हा मार्ग २१ एप्रिल १८९१ रोजी खुला झाला. तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता आणि सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या पुण्याहून मिरजेमार्गे लोंढ्याकडे जाणाऱ्या मार्गाला तो मिरजेत मिळत होता. त्याचा व्यापारी अर्थ असा की, मुंबईला जाणारा माल पुण्यात एका गाडीतून उतरवून ब्रॉडगेजच्या दुसऱ्या गाडीत भरावा लागे, परंतु मार्मागोव्याच्या बंदराकडे मात्र तो लोंढ्यावरून त्याच रुंदीच्या रुळांवर जाऊ शके. संस्थानचा पूर्व भाग अशा रीतीने एकाच वेळी दोन बंदरांच्या आवाक्यात आला. कोल्हापूर सोडल्यावर रुकडी, हातकणंगले असे टप्पे घेत गाडी कृष्णेच्या पुलाकडे निघे, आणि पुलाच्या अलीकडे संस्थानी हद्दीतले जे शेवटचे महत्त्वाचे स्थानक लागे, त्याला शिरोळ रोड असे नाव होते. शिरोळ हे जुने ठाण्याचे गाव तिथून काही मैल दक्षिणेला राहिले होते. रेल्वेच्या दप्तरात ‘रोड’ हा शब्द जोडलेली स्थानके अशीच असत. गाव दूर, गावाकडे जाणारी वाट तेवढी जवळ, आणि भोवती बहुतेक मोकळे रान.

स्थानक उभे राहिले म्हणून पेठ आपोआप उभी राहत नाही. गावातला माल गाडीत चढवून थेट मिरजेला किंवा सांगलीच्या दलालाकडे पाठवण्यासाठीही स्थानकाचा उपयोग होतो, आणि तसे घडले असते तर रेल्वेने संस्थानच्या बाजाराला बळ देण्याऐवजी तो अधिकच पोखरला असता. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, कोल्हापूरच्या स्थानकालगत शाहूपुरी ही नवी पेठ वसवण्यात आली. गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण जयसिंगपूरचा आराखडा तिच्याच वळणावर गेलेला दिसतो. जुन्या कोल्हापुरातल्या पेठा अंबाबाईच्या देवळाभोवती आणि जुन्या राजवाड्याभोवती शतकानुशतके दाटत गेलेल्या होत्या. शाहूपुरी मात्र कोऱ्या जमिनीवर, आधी रस्ते आखून आणि मग भूखंड पाडून उभी करण्यात आली. गुऱ्हाळातून आलेले गुळाचे रवे, म्हणजे साच्यात थिजवलेल्या ढेपा, गाडीतून उतरवायचे, अडत्याच्या दुकानासमोर मांडायचे, सौदा झाला की वखारीत रचायचे आणि तिथून मालधक्क्यावर न्यायचे, ही सारी उलाढाल थोड्या अंतरात व्हावी, असा त्या मांडणीचा हेतू होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिरोळ रोड स्थानकाजवळ हाच प्रयोग नव्याने करण्यात आला, आणि या वेळी शहराला जोडलेल्या पेठेऐवजी संपूर्ण गावच वसवायचे होते. महाराजांनी त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचे नाव दिले. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांनी कोल्हापूरचे रीजंट म्हणून, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारे प्रतिनिधी म्हणून काम केले होते, आणि १८८६ मध्ये, मुलगा अजून अल्पवयीन असतानाच, त्यांचा मृत्यू झाला होता. पुढे स्थानकाचे शिरोळ रोड हे नाव मागे पडले आणि गावाचे नावच स्थानकाला मिळाले.

गावाचा आराखडा सरळ आहे. समांतर रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, मधल्या चौकोनांत घरे आणि दुकाने, आणि गल्ल्यांना नावांऐवजी अंक. ‘पाचवी गल्ली’, ‘सातवी गल्ली’ असे पत्ते जयसिंगपुरात आजही लिहिले जातात. शाहूपुरीतही गल्ल्या मोजल्या जातात आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात वाढलेल्या राजारामपुरीतही तीच रीत आहे, त्यामुळे अंकांची गल्ली ही कोल्हापूर संस्थानाच्या नगररचनेची खूणच म्हणायला हरकत नाही. जुन्या गावात गल्लीचे नाव तिथे राहणाऱ्या जातीवरून, आडनावावरून किंवा धंद्यावरून पडते आणि कोणी कुठे राहायचे याची वाटणी त्या नावातच गोठून जाते. अंकाला जात नसते. हा परिणाम आखणाऱ्यांच्या मनात कितपत होता याचा तर्क करण्यापेक्षा एवढे म्हणणे पुरे की, बाहेरून आलेल्या लिंगायत, जैन, मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांना, तसेच आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांना, ज्या गावात कोणाचाच वाडा आधीपासून उभा नाही अशा गावात जागा मिळवणे तुलनेने सोपे होते.

रुंद आणि सरळ रस्त्यांमागे आणखी एक कारण होते. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली प्लेगची साथ पुढच्या काही वर्षांत दक्षिण महाराष्ट्रभर पसरली, कोल्हापूर संस्थानालाही तिचा जबर तडाखा बसला आणि लोकांना गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावे लागले. कोंदट वस्ती, अंधारी घरे आणि धान्याच्या कोठारांतले उंदीर यांचा रोगाशी असलेला संबंध त्या पिढीने प्रत्यक्ष भोगला होता. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झालेला नगररचनेचा कायदा याच अनुभवातून आला; भारतातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा होता. त्याच सुमारास स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस हे हिंदुस्थानातल्या शहरांतून पायी हिंडून अहवाल लिहीत होते, आणि इंदूरवरचा त्यांचा विस्तृत अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती पाडून तिच्यातून सरळ रस्ते काढण्याला गेडिस यांचा कडवा विरोध होता. जिथे रस्ता खरोखर अडला असेल तिथे एखाददुसरे पडके घर काढून, झाड लावून, विहीर साफ करून भागते, असे त्यांचे सांगणे होते. जयसिंगपूरला जुने काही पाडण्याचा प्रश्नच नव्हता. मोकळ्या जमिनीवर सरळ रेषा ओढताना कोणाचे घर जात नव्हते, ही या गावाची मोठी सोय होती, आणि तिचा लाभ शंभर वर्षांनंतरही शिल्लक आहे.

अशा पेठेतला व्यवहार कसा चाले हे पाहिल्याशिवाय तिच्या रस्त्यांचे मोल कळत नाही. शेतकऱ्याची गाडी पहाटे पेठेत शिरे आणि ठरलेल्या अडत्याच्या दारात सुटे. बैल सोडून त्यांना वैरण घातली जाई, हमाल पोती उतरवीत, आणि मापाडी, म्हणजे वजन-माप करणारा, तराजू टांगी. खरेदीदार एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चालत माल पाहत. पोत्याला बांबूची किंवा लोखंडाची टोकदार नळी टोचून आतला माल तळहातावर घेत. पुष्कळ बाजारांत सौद्यासाठी हत्ता पद्धत होती, म्हणजे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवला जाई आणि ज्याचा माल विकला जात आहे त्या शेतकऱ्याला तो शेवटपर्यंत कळत नसे. सौदा झाल्यावर कडता, म्हणजे माल ओला किंवा कचऱ्याचा आहे या सबबीखाली वजनातली कपात, हमाली, तोलाई आणि धर्मादाय वजा करून पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, शेतकऱ्याच्या हाती पडे. मग तो त्याच रस्त्याने चालत कापडाच्या, किराण्याच्या, भांड्यांच्या, लोखंडाच्या दुकानांत जाई. दुपार कलल्यावर गाडी परत निघे.

या साऱ्या क्रमात शेतकरी आपल्या गाडीपासून फार दूर जात नाही, खरेदीदार वाहनावर बसत नाही आणि हमालाच्या पाठीवरचे पोते जितक्या पावलांवर नेता येते तितक्याच पावलांवर वखार आणि मालधक्का असतो. पेठेचा आकार माणसाच्या पाठीवरच्या ओझ्याने ठरलेला असतो. तिला चालण्याजोगी करण्यासाठी वेगळे काही करावे लागले नव्हते. चालण्यावाचून तिथला धंदाच झाला नसता. त्यात फसवणूक होती, हमालाची पिळवणूक होती आणि शेतकऱ्याच्या अज्ञानावर चालणारी दलाली होती, म्हणून त्या काळाबद्दल केवळ हळहळणे योग्य होणार नाही. पण रस्त्यावर माणूस का असतो, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या पेठेत पदोपदी मिळत होते.

रस्त्यावर कोण असू शकतो, हा प्रश्न त्याहून अवघड होता. त्या काळातल्या बाजारात अस्पृश्य मानलेल्या माणसाला माल आणता येई, ओझे वाहता येई, पण दुकानाच्या ओट्यावर टेकता येत नसे आणि हॉटेलात चहा मिळत नसे. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी काढलेल्या आदेशांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा घेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचे महत्त्व असे की, बाजाररस्त्यावर दुकान थाटण्याचा आणि तिथे उघडपणे बसण्याचा हक्क राजाने आपल्या वावराने मान्य केला. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली ऐतिहासिक परिषद ज्या माणगावात झाली, ते गाव जयसिंगपूरच्याच पट्ट्यात, आजच्या हातकणंगले तालुक्यात आहे. पादचाऱ्यांच्या रस्त्याचा विचार करताना फरसबंदी आणि दिवे यांच्या आधी हा इतिहास आठवला पाहिजे, कारण महाराष्ट्रातल्या कित्येक रस्त्यांवर मोकळेपणाने चालणे हाच मुळात झगडून मिळवलेला अधिकार आहे.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. जयसिंगपूरची पेठ त्यानंतर वाढत गेली; भुईमुगाच्या शेंगा, तंबाखू आणि गूळ हा तिचा कणा होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पेठेला नवे कायदे लागू झाले. त्यांपैकी दोन कायद्यांनी तिच्या रस्त्यांवर खोल परिणाम केला.

पहिला तंबाखूच्या अबकारीचा. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला होता, आणि तो वसूल करण्यासाठी परवानाधारक वखारींची पद्धत निर्माण झाली होती. पिकवलेला प्रत्येक पेंडा नोंदवायचा, तो परवानाधारक व्यापाऱ्यालाच विकायचा, आणि कर भरला जाईपर्यंत माल सरकारी देखरेखीखालच्या वखारीत राहायचा, असा तो क्रम होता. निपाणी आणि जयसिंगपूर यांसारख्या तंबाखूच्या पेठांना याचा एक अनपेक्षित लाभ झाला. वखार, परवाना आणि अबकारी अधिकारी हे तिन्ही पेठेत असल्यामुळे माल, मजूर आणि पैसा यांना पेठेतच यावे लागे. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही कोंडी होती, कारण परवाना नसलेल्याला माल विकता येत नसल्याने भाव व्यापारी म्हणेल तोच राही. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचा हा कर रद्द झाला आणि पेठेतून माल जाण्याची कायदेशीर सक्ती संपली. शेतकऱ्याची कोंडी तेवढ्याने फुटली नाही, हे १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत झालेल्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने आणि तिथे झालेल्या गोळीबारात गेलेल्या बळींनी दाखवून दिले. पेठेच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच पाहाव्या लागतात. तिला जिवंत ठेवणारा नियम आणि शेतकऱ्याला जखडणारा नियम एकच होता.

दुसरा कायदा बाजार समित्यांचा. मुंबई इलाख्यातला १९३९ चा कायदा आणि त्यानंतरचा महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा यांनी हत्ता पद्धतीच्या जागी उघड लिलाव आणला, कडत्याला आणि मनमानी कपातींना आळा घातला आणि घाऊक व्यवहारासाठी कुंपण घातलेले स्वतंत्र आवार, म्हणजे बाजार यार्ड, ठरवून दिले. शेतकऱ्यासाठी ही मोठी सुधारणा होती आणि तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण तिच्यामुळे अनेक गावांत पेठेचे दोन तुकडे झाले. घाऊक सौदा आवारात गेला आणि किरकोळ खरेदी जुन्या रस्त्यावर राहिली; जो शेतकरी पट्टी घेऊन चार पावलांवर कापड घ्यायला जात असे, तो आता आवारातूनच परतू लागला किंवा वाहनाने रस्त्यावर येऊ लागला.

पुढचे बदल झपाट्याने झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, परंतु तोपर्यंत मालट्रकने रेल्वेच्या मालधक्क्याचे काम हिरावून घ्यायला सुरुवात केली होती. शिरोळ तालुक्यात पाणी आले, ऊस वाढला, आणि शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांनी तो थेट शेतातून उचलायला सुरुवात केली. ऊस पेठेत येत नाही, अडत्याच्या दारात उतरत नाही, त्याचा लिलाव होत नाही. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काट्यावर जातो आणि त्याचे पैसे बँकेत जमा होतात. ज्या पिकाने तालुक्याला सुबत्ता दिली, त्याच पिकाने पेठेतली वर्दळ आटवली. जयसिंगपूरच्या विक्रमसिंह क्रीडांगणावर दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते आणि पहिल्या उचलीची मागणी तिथे ठरते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पिकाचा भाव बोलायला शेतकरी आजही जयसिंगपुरातच येतो, फक्त पीक बरोबर आणत नाही.

रस्त्यांवर त्याच काळात मोटारसायकल आली, मग रिक्षा, मग मोटार. गावाच्या अंगाने जाणारा कोल्हापूर-सांगली रस्ता रेल्वेपेक्षा महत्त्वाचा ठरला आणि नवी दुकाने, मंगल कार्यालये, दवाखाने त्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. जुन्या गल्ल्यांत बैलगाडी वळावी म्हणून ठेवलेली रुंदी उभ्या वाहनांनी व्यापली. दुकानांच्या पायऱ्या आणि पत्र्याच्या पडव्या पुढे सरकल्या, त्यांच्यापुढे हातगाड्या आल्या आणि चालणाऱ्याला डांबराच्या मध्यावर उतरावे लागले. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत हेच घडले आहे, त्यामुळे यात जयसिंगपूरला वेगळा दोष देता येणार नाही. फरक इतकाच की, इतर गावांत रस्ता मुळातच अरुंद होता, इथे तो रुंद आखलेला असूनही अरुंद झाला.

अशा थकलेल्या बाजाररस्त्याला पुन्हा पादचाऱ्यांसाठी घडवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत जगभर दाखला दिला जातो तो डेन्मार्कच्या राजधानीचा. कोपनहेगनमधला स्ट्रॉगेट हा जुना बाजाररस्ता १७ नोव्हेंबर १९६२ रोजी प्रयोगादाखल वाहनांना बंद करण्यात आला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनी गिऱ्हाईक तुटेल अशी भीती घातली होती आणि इतक्या थंडीत रस्त्यावर कोण रेंगाळणार, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला गेला होता. गिऱ्हाईक तुटले नाही. प्रयोग कायम झाला. भारतात दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून १२ सप्टेंबर २०२१ रोजी खुला करण्यात आला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत तिथे मोटारवाहनांना मनाई झाली. शाहजहानच्या काळापासून चालत आलेल्या या घाऊक बाजाराची मालवाहतूक रात्री व्हावी, हे त्या योजनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम म्हटले पाहिजे, कारण माल कधी आणि कुठून येणार याचे उत्तर नसलेला पादचारी रस्ता व्यापाऱ्याला नकोसा होतो. बंदी लागू झाल्यावर ती दररोज अमलात आणणे किती कठीण असते, हेही चांदणी चौकाने दाखवले.

पुण्याचा अनुभव मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. लष्कर भागातला महात्मा गांधी रस्ता शनिवार-रविवारी संध्याकाळी वाहनांना बंद ठेवून ‘वॉकिंग प्लाझा’ करण्याचा उपक्रम कटक मंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केला; लोकांनी गर्दी केली, व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि उपक्रम टिकला नाही. महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून त्यांवर बसण्याची जागा, झाडे आणि सायकलमार्ग आणले. क्वार्टर गेटपासून टिळक चौकाकडे जाणाऱ्या, सराफी आणि कापडाच्या दुकानांनी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून दिवसभर वाहनांना बंद ठेवण्यात आला, आणि पुढच्या वर्षांतही तो दिवस पाळला गेला. लोक त्या दिवशी रस्त्याच्या मध्यातून चालले, मुलांनी डांबरावर चित्रे काढली. परंतु लक्ष्मी रस्ता वर्षभर असा ठेवायचा तर त्याची वाहतूक कुठे वळवायची, हा प्रश्न तसाच उरतो. पेठांच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांतून काढलेल्या या रस्त्याला त्याच रुंदीचा समांतर पर्याय फार थोडा आहे.

जयसिंगपूरचा आराखडा या ठिकाणी उपयोगी पडतो. काटकोनात छेदणाऱ्या समांतर गल्ल्यांच्या जाळ्यात एक गल्ली वाहनांना बंद केली तर शेजारची गल्ली तिचा भार घेऊ शकते, आणि मालाची गाडी मागच्या गल्लीतून दुकानापर्यंत येऊ शकते. मोठ्या शहरांना कोट्यवधी रुपये खर्चून जे मिळत नाही, ते या गावाच्या आखणीत आधीपासूनच आहे. पन्नास हजारांच्या जवळपास लोकवस्तीच्या या गावात स्थानकापासून कोणतीही जुनी गल्ली अजूनही पायी गाठता येते. शिवाय रेल्वेमुळे मिरज आणि कोल्हापूरकडे ये-जा करणारे विद्यार्थी आणि नोकरदार रोज जुन्या गावातून चालतात, म्हणजे पादचारी नव्याने निर्माण करावा लागत नाही.

मात्र इतिहासाने दाखवलेली दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. पेठेतली वर्दळ तिथे उतरणाऱ्या मालामुळे, होणाऱ्या सौद्यामुळे आणि मिळणाऱ्या पैशामुळे होती, आणि ती कारणे एकेक करून आवारात, कारखान्याच्या काट्यावर आणि हमरस्त्यावर गेली. फरशी घालून, दिवे लावून आणि कमानी उभारून ती परत येत नाहीत. ज्यामुळे माणसाला जुन्या गल्लीत पाऊल टाकावे लागेल, असे काम तिथे ठेवावे लागते. सहकारी बँकेची शाखा, नगरपालिकेचे कर भरण्याचे कार्यालय, टपाल, दवाखाना, वाचनालय, भाजी मंडई यांपैकी काहीही जुन्या पेठेतून उचलून बाहेरच्या प्रशस्त जागेत नेण्याचा निर्णय जेव्हा जेव्हा एखाद्या गावात होतो, तेव्हा तिथल्या बाजाररस्त्याच्या भवितव्याचाही निर्णय होत असतो, मग ठरावात त्या रस्त्याचा उल्लेख असो वा नसो.

हातगाडीवाल्यांबाबतही असेच आहे. त्यांना रस्त्याचे अतिक्रमण समजून उठवणे हा सुधारणेचा पहिला टप्पा मानला जातो. पण पेठेतला घाऊक सौदा गेल्यावर, दुकानात न शिरणाऱ्या माणसाला रस्त्यावर थांबवणारे तेच उरले आहेत, आणि थकलेल्या बाजाररस्त्यावर संध्याकाळी सातनंतरचा उजेड बहुधा त्यांच्याच गाड्यांचा असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना उपजीविकेचा हक्क दिला आहे आणि प्रत्येक नगर परिषदेत नगर पथविक्रेता समिती स्थापून तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी घेणे बंधनकारक केले आहे. कोणत्या गल्लीत किती गाड्या, कोणत्या बाजूला आणि कोणत्या वेळी, हे त्या समितीत ठरते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमावलीनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी कायम मोकळी असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे वृद्धांना चढता येते आणि दुचाकीही सहज वर चढत नाही असे मानले जाते. बैलगाडी वळण्याच्या हिशेबाने आखलेल्या गल्लीत दुकानाची पायरी, १.८ मीटरची वाट, हातगाडीची ओळ आणि एकेरी वाहतूक यांना एकत्र जागा करून देता येते. त्यासाठी आधी प्रत्येक गल्लीची मूळ आखलेली रुंदी मोजून, आज ती कुठे आणि किती व्यापली गेली आहे, हे नकाशावर मांडावे लागेल, आणि ती मोजणी करताना पुढे सरकलेली प्रत्येक पायरी, मग ती मोठ्या पेढीची असो की टपरीची, एकाच फुटपट्टीने मोजावी लागेल.